दमायाचा मोडलेला हात: एका खऱ्या भीतीचा हिशेब

कोवळ्या वयाची नायिका, तिच्या अंगात जादू आणि त्या जादूला टरकून असलेलं जग, हा एपिक फँटसीतला घासून गुळगुळीत झालेला साचा आहे. त्यात एक पेच असतो आणि बरेच लेखक त्याला बगल देऊन पुढे जातात. जादू खरोखर जीवघेणी असेल तर घाबरणारे लोक शहाणे ठरतात. मग नायिकेवर अन्याय होतोय असं म्हणायचं कशाच्या जोरावर? जादू निरुपद्रवी असेल तर घाबरणारे ठार मूर्ख ठरतात, आणि मूर्खांना मूर्ख म्हणायला चारशे पानं कशाला खर्ची घालायची? तरी बहुतेक कादंबऱ्या ही दुसरीच वाट धरतात, कारण ती सोयीची आहे. मशाली घेतलेला जमाव, दुष्ट धर्मगुरू, निष्पाप पोर. कोणाच्या बाजूने व्हायचं हे वाचकाला पहिल्याच पानावर कळतं आणि शेवटपर्यंत त्याचं मत तसूभरही हलत नाही.

अमेरिकन लेखिका एन. के. जेमिसिन यांनी 'द फिफ्थ सीझन' (2015) लिहिताना पहिली, अडचणीची वाट धरली. तीन पुस्तकांच्या मालिकेतलं हे पहिलं पुस्तक. 2016, 2017 आणि 2018 अशी लागोपाठ तीन वर्षं या मालिकेच्या एकेका पुस्तकाला सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो (विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा मानाचा) पुरस्कार मिळाला, आणि असा मान त्याआधी कोणाच्याच वाट्याला आला नव्हता. पण पुरस्कारांचं राहू द्या. मला इथे त्यातल्या एकाच मुलीचं प्रकरण सविस्तर घ्यायचं आहे. मुलीचं नाव दमाया. आईबापांनी तिला कोठारात ठेवलं तिथपासून तिचा हात मोडला जातो तिथपर्यंत, म्हणजे कादंबरीतली जेमतेम दोन प्रकरणं. भीती खरी ठेवूनही अन्याय दाखवता येतो, फक्त त्यासाठी त्या भीतीचा हिशेब मांडावा लागतो: ती कोणी पोसली, तिच्यावर कोणाचं पोट चालतं, ती कोणाच्या कामी येते. जेमिसिन यांनी तो हिशेब कसा मांडला ते या दोन प्रकरणांत बारकाईने दिसतं. पुस्तक वाचायचं बाकी असेल तर आधीच सांगतो, पुढे त्यातली मोठी गुपितं उघडी पडणार आहेत.

धोका किती खरा

कादंबरीच्या जगात स्टिलनेस नावाचा एकच अवाढव्य खंड आहे आणि त्याची जमीन कधी स्वस्थ बसत नाही. भूकंप तर रोजचेच. काही शतकांतून एकदा मात्र एखादा ज्वालामुखी किंवा तशीच मोठी उलथापालथ आकाश राखेने भरून टाकते आणि हिवाळा संपता संपत नाही. असा हिवाळा किमान सहा महिने टिकला तर साम्राज्याच्या दप्तरी त्याला 'ऋतू' म्हणायचं. पुस्तकाच्या नावातला पाचवा ऋतू तो हाच. अशा ऋतूत वस्त्याच्या वस्त्या उपासमारीने संपतात.

या जगात काही माणसं ऑरोजीन म्हणून जन्मतात. जमिनीची हालचाल कळण्याचं एक इंद्रिय तिथे सगळ्यांनाच मेंदूच्या तळाशी असतं, पण ऑरोजीनना ती हालचाल बदलताही येते. उठलेला भूकंप ते शमवू शकतात, नसलेला उठवूही शकतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा कुठून तरी ओढावी लागते. शिकलेला ऑरोजीन ती जमिनीच्या पोटातून घेतो. न शिकलेला, त्यातून घाबरलेला किंवा चिडलेला, हाताशी येईल तिथून घेतो: हवेतून, गवतातून, गुराढोरांतून, समोरच्या माणसाच्या अंगातून. त्याच्याभोवती गारठ्याचं एक वर्तुळ तयार होतं आणि त्यात जो सापडेल तो जागच्या जागी गोठून मरतो. हे सगळं ठरवून करावं लागतं असंही नाही. नुसता राग पुरतो.

हा धोका लोकांच्या डोक्यातून निघालेला नाही, हे जेमिसिन दाखवून देतात, आणि तेही नायिकेच्याच हातून. पुस्तकाच्या सुरुवातीला एसुन नावाची एक आई भेटते. तिच्या तीन वर्षांच्याही न झालेल्या मुलाला त्याच्या बापाने, मुलगा ऑरोजीन आहे हे कळताच, मारून टाकलेलं आहे. गाव सोडून जाताना वेशीवर तिच्यावर बाण सुटतो आणि तिचा तोल जातो. गावातली कितीतरी माणसं, ज्यांनी तिचं काही वाकडं केलेलं नाही तीही, त्यात मरतात. तोवर आपण पूर्णपणे तिच्या बाजूचे असतो, आणि प्रेतं पडल्यावरही तिची बाजू सोडवत नाही. अशी अडचण लेखिकेने इतक्या लवकर ओढवून घ्यावी हे धाडसच म्हणायचं. पुढे कोणी 'हे लोक धोकादायक आहेत' असं म्हणालं की त्याला खोटारडा म्हणून उडवून लावायची सोय वाचकाकडे उरत नाही.

कोठार आणि कोट

दमाया पलेला नावाच्या लहानशा गावातली. झॅब नावाच्या मुलाने तिला ढकललं, तिला राग आला आणि तिच्या हातून तो मरता मरता राहिला. बस्स, एवढंच घडलेलं आहे. घरी आल्यावर आईबापांनी तिची रवानगी कोठारात केली आणि गार्डियनना कळवलं. गार्डियन म्हणजे ऑरोजीन मुलांना ताब्यात घेऊन राजधानी युमेनेसमधल्या फुलक्रम या संस्थेत पोचवणारे लोक. आपण दमायाला भेटतो तेव्हा ती पेंढ्यात लपलेली आहे. अंगाला पाणी लागलेलं नाही, विधीसाठी कोपरा वापरावा लागलाय आणि त्याचीच तिला सगळ्यांत जास्त लाज वाटते आहे. आई एका परक्या माणसाला घेऊन येते. दमायाला वाटतं, हा मुलं विकत घेणारा असणार.

या प्रसंगात कोट महत्त्वाचा आहे. बाहेर कडाक्याची थंडी आणि मुलीच्या अंगावर कोट नाही. तो परका माणूस, त्याचं नाव शाफा, याबद्दल विचारतो. आई गडबडते. अशा लोकांना थंडी वाजत नाही असं तिने ऐकलेलं असतं. शाफा सौम्यपणे सांगतो की ही भाकडकथा आहे, आणि पुढे विचारतो, तुमच्या मुलीला थंडी वाजताना तुम्ही पूर्वी पाहिलं असेलच ना? आईला उत्तर देता येत नाही. कोठारात ठेवण्याच्या दिवशी ती मुलीला काय म्हणाली होती ते तेवढ्यात आपल्याला कळतं: तू आजवर नाटक करत होतीस, लहान मुलीचं सोंग घेतलं होतंस, आतून राक्षसच होतीस, तुझ्यात काहीतरी खोट आहे हे मला आधीपासूनच ठाऊक होतं.

मला वाटतं, सबंध कादंबरीतली भीतीची सगळ्यांत अचूक नोंद या कोटाच्या प्रसंगात आहे. या बाईने आपल्या पोटच्या पोरीला वर्षानुवर्षं कुडकुडताना पाहिलं आहे. तिची थंडी घालवली आहे, तिला पांघरूण घातलं आहे. हे सगळं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. तरी गावात ऐकलेलं एक वाक्य आणि डोळ्यांनी पाहिलेलं आयुष्य यांत झगडा लागला तेव्हा ती ऐकीव वाक्याच्या बाजूने गेली. आणि त्या वाक्यासाठी तिने मागची सगळी वर्षं बदलून टाकली, म्हणजे पोरीची थंडीसुद्धा खोटी ठरवली. भीती माणसाला पुढचं चुकीचं दाखवते हे सगळेच लिहितात. ती मागचंही पुसून नव्याने लिहिते, हे इथे एका कोटाच्या जोरावर दाखवलंय.

दुसरीही एक गोष्ट इथेच घडते. जादू धोकादायक आहे हे खरं. जादूवाल्याला थंडी वाजत नाही हे खोटं. भीती म्हणून जे मिळतं त्यात या दोन्हींची सरमिसळ असते, आणि खऱ्या धोक्याच्या आडोशाला किती खोटं बिनबोभाट खपून जातं ते वाचकाला नकळत मोजता येऊ लागतं. झॅब मरू शकला असता, म्हणून मुलीला एकटं ठेवलं: हे समजण्यासारखं आहे. मुलीला थंडी वाजत नाही, म्हणून कोट दिला नाही: हे समजण्यासारखं नाही. बाप या सगळ्यात ओठ घट्ट मिटून बसलेला. त्याच्याबद्दल लेखिका फार काही सांगत नाही.

आणि मग शाफा. या कोठारात दमायाशी माणसासारखा वागणारा तो पहिला आणि एकटाच. तो तिचं ऐकून घेतो. आवाज चढवत नाही, तिला घाबरत नाही. आईबापांनी कळवून योग्य तेच केलं, कित्येक जण असं मूल सरळ मारून टाकतात, हेही तो तिला सांगतो, आणि ते खरंच असतं. जेमिसिन यांचं शिक्षण मानसशास्त्राचं आणि समुपदेशनाचं, आणि तो अनुभव इथे ओळीओळीत जाणवतो. ज्याला सगळ्यांनी टाकलंय त्याला जो कोणी पहिल्यांदा जवळ घेतो त्याच्या हातात केवढी सत्ता येते, हे शाफाला पक्कं ठाऊक आहे. तो ती सत्ता धाक दाखवून मिळवत नाही. कोठारातल्या पोरीपुढे ती आयती त्याच्या पदरात पडते.

घोड्यावर

दोघं एका घोड्यावरून राजधानीकडे निघतात. ती पुढे, तो मागे. वाटेत तो तिला एक गोष्ट सांगतो. मिसालेम नावाचा एक ऑरोजीन सम्राटाचा जीव घ्यायला निघाला. शेमशेना नावाच्या वीरांगनेने त्याची वाट आधीच मोकळी करवून घेतली, माणसं हलवली, त्याला ऊर्जा ओढायला जिवंत असं जवळ काही उरू दिलं नाही आणि मग त्याला गाठून संपवलं. गोष्ट रंगतदार आहे, कुठल्याही मुलीला शेमशेना व्हावंसं वाटेल अशी. दमायालाही तसंच वाटतं. तेव्हा तिला समजावलं जातं की या गोष्टीत शेमशेनाची जागा गार्डियनची आहे. तिची जागा मिसालेमची.

हे ऐकून पोर हादरलेली असताना शाफा तिचा हात हातात घेतो. स्वतःवर ताबा ठेवता येईल का, असं विचारतो. आणि तिच्या हाताची हाडं मोडतो.

ती नको म्हणते. त्यावर तो सांगतो की तिने त्याला कधीच नाही म्हणायचं नाही. ऑरोजीनना नाही म्हणण्याचा हक्क नसतो. जगाला तिच्यापासून वाचवायला लागलं तर तो तिच्या अंगातलं एकेक हाड मोडेल. आवाज पूर्वीइतकाच शांत. इतक्या वेदनेतही तिने शक्ती बाहेर पडू दिली नाही, म्हणजे परीक्षा पास. ताबा सुटला असता तर त्याने तिला तिथेच मारलं असतं, हेही तो लपवत नाही. आणि या सगळ्याबरोबर, माझं तुझ्यावर प्रेम आहे, हेही तो तिला सांगतो.

वाचकाची खरी कोंडी इथे होते, कारण शाफाचा युक्तिवाद पूर्णपणे पोकळ नाही. राग किंवा वेदना झाली की या मुलीच्या आसपासची माणसं मरू शकतात हे आपण पाहिलंय. तिला वेदनेतही शांत राहता आलं पाहिजे, ही गरज खरी आहे. आगीशी खेळणाऱ्या पोराला आगीची धग एकदा लागू द्यावी, असं म्हणणारे वडीलधारे असतात. शाफा स्वतःला त्यांच्यातलाच समजत असणार. प्रसंग वाचताना माझ्या मनात क्षणभर 'पण मग दुसरं करणार तरी काय?' असा प्रश्न आला होता, आणि तो आला याचीच चीड आली. लेखिकेने नेमका तोच प्रश्न वाचकाच्या तोंडून काढून घेतलाय. त्याचं उत्तर ती या प्रकरणात देत नाही. त्यासाठी उरलेलं पुस्तक आहे.

तंत्राच्या अंगाने पाहिलं तर तीन निर्णय इथे मोलाचे आहेत, आणि तिसरा सर्वांत जास्त. हात मोडायच्या आधी गोष्ट सांगितलेली आहे, म्हणजे हाडाआधी तिची स्वतःबद्दलची समजूत मोडलेली आहे. शाफा चिडलेला नाही. चिडला असता तर तो एक वाईट माणूस ठरला असता आणि आपण सुटलो असतो. तिसरं म्हणजे कथन दमायाच्या इतकं जवळ ठेवलंय की शाफाचं म्हणणं तिला जसजसं पटत जातं तसतसं ते आपल्याला आतून ऐकू येतं. तिला त्याचा राग येत नाही. त्याच्या मनात भरायचं कसं, हे ती शोधू लागते. तटस्थ निवेदकाने 'तिला पटलं' असं सांगितलं असतं तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो.

हिशेब कुठे जातो

हात बरा होतो आणि दमाया फुलक्रममध्ये वाढते. काळा गणवेश, अंगठ्यांच्या पायऱ्या, दहा अंगठ्या म्हणजे सर्वोच्च. पहिली अंगठी मिळाली की जुनं नाव टाकून एखाद्या दगडाचं किंवा खनिजाचं नाव घ्यायचं; ती सायनाइट होते. ती सायनाइट होते हे वाचकाला मात्र पुष्कळ उशिरा कळतं, आणि सुरुवातीला गाव गोठवणारी एसुनही तीच, हे त्याहून नंतर. तीन वयांतल्या तीन बायका म्हणून आपण वाचत असतो ती एकच बाई निघते. या उलगड्याचं कौतुक पुष्कळ झालंय. माझ्या प्रकरणापुरता त्याचा उपयोग इतकाच की घोड्यावरच्या त्या क्षणाचा परिणाम पुढची कितीतरी वर्षं एकाच देहात मोजता येतो.

हिशेबातली मोठी रक्कम सायनाइटच्या वाट्याच्या प्रकरणांत निघते. साम्राज्यभर ठिकठिकाणी चौक्या आहेत; तिथले ऑरोजीन आसपासचे लहानमोठे हादरे शमवत बसतात, म्हणून मधली गावं, रस्ते, राजधानी शाबूत राहतात. नोकरी कंटाळवाणी पण सन्मानाची, असा सायनाइटचा समज. अलाबास्टर नावाचा दहा अंगठ्यांचा ऑरोजीन तिला अशा एका चौकीत नेतो. आत एक मूल आहे, खुर्चीला जखडलेलं, अंगात नळ्या, मेंदूतली स्वतःवर ताबा ठेवण्याची वाट कायमची तोडलेली. हादरा आला की तो शमवण्याची उपजत सवय तेवढी शिल्लक ठेवलीय. ज्या मुलांना ताबा जमला नाही त्यांचं पुढे काय होतं, याचं हे उत्तर. दमायाचा ताबा सुटला असता आणि शाफाने तिला मारलं नसतं, तर तिचाही मुक्काम अशाच खुर्चीत झाला असता.

इथे सुरुवातीचा पेच सुटतो. ज्यांना साम्राज्य घाबरतं त्यांच्याच जिवावर ते उभं आहे. त्यांच्याशिवाय युमेनेसच्या उंच इमारती एक वर्षही टिकणार नाहीत. म्हणजे भीतीमुळे या लोकांना दूर केलेलं नाही. भीतीच्या नावाखाली त्यांना जुंपलेलं आहे. धोका शंभर टक्के खरा आणि त्यावर उभारलेली व्यवस्था शंभर टक्के लबाड, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि खऱ्या धोक्याइतकं चांगलं भांडवल अशा व्यवस्थेला दुसरं मिळत नाही. शाफाची गोष्टही मग वेगळी ऐकू येते. मिसालेम सम्राटाच्या जिवावर का उठला होता, हे अलाबास्टर नंतर सांगतो: उपासमारीच्या दिवसांत सम्राटाच्या माणसांनी दुसऱ्या वस्त्यांवर धाडी घालून माणसं खाण्यासाठी नेली होती आणि मिसालेमच्या घरचे त्यात गेले होते. शाळेत, शिलालेखांत, घोड्यावर सांगायच्या गोष्टीत तेवढाच भाग गळलेला.

शंका घेणारा वाचक तरीही म्हणू शकतो की व्यवस्था वाईट असेल, पण दुसरा इलाज होता कुठे? त्यासाठी जेमिसिन एक बेट ठेवतात, मेओव. दमायाच्या प्रकरणाशी तुलनेला घ्यावं असं हे दुसरं उदाहरण. इथेही ऑरोजीन आहेत, तितकेच धोकादायक आहेत. पण समुद्रातल्या बेटावर त्यांच्याशिवाय जगणं शक्य नाही हे लोक मोकळेपणाने मान्य करतात, म्हणून गावाचा पुढारीच ऑरोजीन असतो. इनॉन नावाचा एक जण तर फुलक्रमचं तोंडही न पाहिलेला, आणि माणूस म्हणून लोभस. हात न मोडताही ताबा येतो, हे त्याच्याकडे पाहून कळतं. मेओवचे लोक संत नाहीत, चाचेगिरी करून पोट भरतात. तो तपशील मला फार आवडतो, कारण बेट आदर्श केलं असतं तर उदाहरण म्हणून ते बाद झालं असतं.

आणि गार्डियन तिथेही पोचतात. जहाजांवर शाफा असतो. आपलं मूल त्याच्या हाती, म्हणजे पुढेमागे त्या खुर्चीत, जाऊ नये म्हणून सायनाइट स्वतःच्या हाताने मुलाचा जीव घेते. जेमिसिन यांनी या प्रसंगामागे मार्गारेट गार्नर यांचं उदाहरण असल्याचं सांगितलं आहे. जानेवारी 1856 मध्ये केंटकीतल्या गुलामगिरीतून ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पळालेल्या या बाईंना पकडणाऱ्यांनी घेरलं, तेव्हा त्यांनी दोन वर्षांच्या मुलीला मारलं, परत जाऊ दिलं नाही. कादंबरीची अर्पणपत्रिकाही, इतरांना न मागता मिळणारा मान ज्यांना लढून मिळवावा लागतो, अशांना उद्देशून आहे. अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या इतिहासाशी असलेलं हे नातं पुस्तकात कुठेही मोठ्याने सांगितलेलं नाही, आणि ते एकास एक जुळतही नाही. गुलाम केलेल्या माणसांच्या अंगात गाव गोठवण्याची ताकद नव्हती. भीती खरी ठेवण्याच्या निर्णयाची किंमत इथे मोजावी लागते: रूपक म्हणून वाचायला गेलं तर 'ते खरोखरच धोकादायक होते' हा दडपणाऱ्यांचा जुना दावा जेमिसिन यांच्या जगात खरा ठरतो. काही वाचकांना हे खटकतं आणि त्यांचं खटकणं मला चुकीचं वाटत नाही. पण रूपक म्हणूनच वाचायची सक्ती नाही. सत्ता कशी चालते याचा नमुना म्हणून वाचलं तर धोका खरा असल्याने युक्तिवाद अधिक भक्कम होतो: धोका खरा असतानाही हे क्षम्य नसेल, तर खोटा असताना कसं असेल?

हात पुन्हा

मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात, 'द ऑबेलिस्क गेट' (2016) मध्ये, एसुनची मुलगी नासुन समोर येते. तिच्या आठवणीत आपल्याला कळतं की एसुनने तिला चोरून शिकवताना ताबा तपासायला तिचा हात मोडला होता. अगदी त्याच पद्धतीने. कोठारातली दमाया, सायनाइट, मूल गमावलेली आई, हे सगळं पार करून आलेली बाई, आपल्या मुलीला वाचवायला तिच्याकडे एकच रीत होती आणि ती तिला शाफाने दिलेली होती. नासुनला आईबद्दल जो सल आहे त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. माझ्या मते दमायाच्या प्रकरणाचा खरा निकाल हाच, आणि तो पहिल्या पुस्तकात नव्हे तर दुसऱ्यात लागतो.

आता जे पटत नाही ते. पलेलातले आईबाप कोठाराच्या प्रसंगानंतर गायब होतात. दमायाला त्यांची आठवण येते, पण त्या घरात पुढे काय झालं, त्या कोटाचा आईला कधी पश्चात्ताप झाला का, याला पुस्तकात जागाच नाही. साध्या माणसांच्या डोक्यात शिरून त्यांची भीती आतून दाखवायची संधी इथे होती आणि ती हुकली असं मला वाटतं. जी गोष्ट शाफाला मिळाली, म्हणजे प्रेमळ आणि क्रूर एकाच वेळी असण्याची मुभा, ती आईच्या वाट्याला जेमतेम पानभर येते आणि संपते.

दुसरी हरकत मोठी आहे. पुढच्या पुस्तकांत कळतं की गार्डियनच्या डोक्यात एक तुकडा बसवलेला असतो आणि त्या वाटेने एक वेगळीच, माणसांवर डूख धरून बसलेली शक्ती त्यांना हलवू शकते. कथानकाला ते लागतं, हे मान्य. दुसऱ्या पुस्तकात शाफाची स्मृती जाते आणि तो नासुनचा सांभाळ करतो, त्या बदललेल्या शाफाला जागा करून द्यायलाही ते उपयोगी पडतं. पण त्याचा उलटा परिणाम घोड्यावरच्या प्रसंगावर होतो. तिथली धार अशी होती की हे करणारा माणूस शुद्धीवर आहे, त्याचा स्वतःवर पूर्ण ताबा आहे, आणि आपण चांगलं काम करतोय अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. त्याच्या डोक्यात कोणी दुसरं बसलं होतं म्हटलं की जबाबदारी थोडी तरी वाटली जाते. मी हे प्रकरण पहिल्या पुस्तकापुरतंच वाचतो, जिथे शाफाकडे त्याच्या शिकवणुकीखेरीज दुसरं काही निमित्त नाही.